रोडोडेंड्रॉनच्या फांदीमागचे आयर्लंड

दर दोन महिन्यांनी मी आयर्लंडमधल्या गॉलवेहून साताऱ्याला बारा फोटो पाठवते. ते फोनवरून क्षणात पाठवता येतात हे मलाही ठाऊक आहे आणि मामांनाही ठाऊक आहे. परंतु फोनच्या काचेवर पाहिलेल्या फोटोला ते ‘ऐकीव माहिती’ म्हणतात. त्यामुळे मी फोटो छापून घेते, पाठीमागे पेन्सिलीने क्रमांक घालते, मध्ये पातळ कागद ठेवून ते पुठ्ठ्याच्या पाकिटात बंद करते आणि टपालात टाकते. पाकीट पोहोचायला कधी दहा दिवस लागतात, कधी महिना. पोहोचल्यानंतरच्या रविवारी मामांचा फोन येतो आणि मग तास-दीड तास एकेका फोटोवर आमची चर्चा चालते. मामांचा साताऱ्यात जवळजवळ चाळीस वर्षे स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, मुंज, शाळेचे ग्रुप फोटो आणि स्थळाकडे पाठवायचे मुलींचे फोटो यांवर त्यांचे घर चालले. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसण्यात त्यांचा हातखंडा होता. मला पहिला कॅमेरा त्यांनीच दिला, तोही भाचीचे लाड म्हणून नव्हे, तर स्टुडिओ बंद करताना सामान कमी करायचे होते म्हणून. निदान ते स्वतः तसे सांगतात.

नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या पाकिटात क्लेअर काउंटीतल्या मोहेरच्या कड्यांचे पाच फोटो होते. अटलांटिकमधून सरळ उभे राहिलेले हे कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर भरतात, आणि आयर्लंडला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा तिथे जाऊन, त्याच कठड्यापाशी उभा राहून, त्याच कोनातून तोच फोटो काढतो. मीही तेच केले होते. त्या दिवशी आकाश निळे होते, गवत हिरवे होते, लाटांचा फेस पांढराशुभ्र होता आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मामा फोनवर म्हणाले, “छान आहेत. जानेवारीत वाण्याच्या दुकानात वाटायला चालतील.” मग थोडे थांबून म्हणाले, “अगं, कॅलेंडरचा फोटो वाईट नसतो. पण तो बघताना माणूस तारीख बघतो.”

मी दुखावले होते हे कबूल करते. पण कॅलेंडरातल्यासारखे दिसणारे हे आयर्लंड मुळात आले कुठून, हा प्रश्न त्या दिवशी मनात शिरला आणि त्याचे उत्तर काही महिन्यांनी गॉलवेतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, पन्नास सेंटला एक या भावाने विकायला ठेवलेल्या पोस्टकार्डांच्या खोक्यात मिळाले. त्यातली बरीच कार्डे जॉन हाइंड यांच्या कंपनीची होती. हाइंड जन्माने इंग्रज, सॉमरसेटचे, जन्मसाल १९१६. एके काळी सर्कशींबरोबर फिरलेल्या या माणसाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डब्लिनमध्ये रंगीत पोस्टकार्डांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढच्या पंधरा-एक वर्षांत परदेशी लोकांच्या मनातले आयर्लंड अक्षरशः रंगवून काढले. त्यांच्या कार्डांवर पाऊस कधी पडत नाही. आकाश निळे नसेल तर छपाईच्या वेळी ते निळे केले जाई, कोणाचा स्वेटर मळकट असेल तर तो लाल केला जाई. कॉनेमारातली लाल केसांची दोन मुले आणि पाठीवर पीटने भरलेल्या टोपल्या घेतलेले त्यांचे गाढव हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले चित्र. आणि समोरच्या बाजूला एखादा विजेचा खांब, एखादी मोटार किंवा नुसती उजाड जागा नजरेला खुपू लागली, की तिथे रोडोडेंड्रॉन या झुडपाची फुललेली फांदी हमखास येई. अशा फांद्या तोडून हव्या तिथे रोवण्यासाठी गाडीत करवत बाळगली जाई, अशी आख्यायिकाच आहे.

गाढवाचे ते कार्ड मी पुढच्या पाकिटात तेरावा फोटो म्हणून घातले. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की गाढवावर गोवऱ्या का लादल्या आहेत. त्या गोवऱ्या नसून पाणथळ जमिनीतून कापून वाळवलेले पीटचे तुकडे आहेत, इथे पिढ्यान्‌पिढ्या चूल त्यावरच पेटली, आणि आता प्रदूषणापायी त्याच्या विक्रीवर निर्बंध आले आहेत, हे सगळे सांगून झाल्यावर मी फांदीची हकीकत सांगितली. मामा मनापासून हसले. “म्हणजे हा माणूस आमच्या धंद्यातला निघाला! मी पेन्सिलीने करायचो ते तो करवतीने करायचा.”

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मला किलार्नीला गेल्यावर कळली. ज्या रोडोडेंड्रॉनने हाइंड आयर्लंडचे व्यंग झाकत होते ते झुडूप मुळात आयर्लंडचे नाही. जमीनदारांनी ते आपल्या बागांच्या शोभेसाठी आणले, तिथून ते रानात शिरले, आणि आज किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या ओक वृक्षांच्या राईखाली त्याने इतकी दाट सावली धरली आहे की ओकची नवी रोपे उगवूच शकत नाहीत. आपल्याकडे घाणेरीने जे केले तेच. मे-जूनमध्ये ते जांभळ्या फुलांनी इतके बहरते की पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढतात. आणि त्याच उद्यानात माणसे करवती घेऊन, या वेळी ते मुळासकट नाहीसे करण्यासाठी, वर्षानुवर्षे राबत आहेत. त्या बहराचा एक फोटो माझ्याकडेही आहे. तो मी साताऱ्याला पाठवलेला नाही.

आता प्रकाशाविषयी थोडे सांगते, कारण पुढची सगळी हकीकत प्रकाशावर अवलंबून आहे. आयर्लंडचा पाऊस प्रसिद्ध असला तरी तो साताऱ्याच्या माणसाला सांगण्यासारखा नाही. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात जितके पाणी पडते तितके पडायला गॉलवेला चार-पाच वर्षे लागतात. फरक असा की महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो, तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काही भागांत वर्षातले सुमारे २२५ दिवस थोडा थोडा पाऊस पडतच राहतो. जिला आपण भुरभुर म्हणतो तशी, छत्री उघडावी की नाही असा पेच पाडणारी झड लागली, की इथली जुनी माणसे तिला ‘सॉफ्ट डे’ म्हणतात आणि हवा चांगली आहे अशाच सुरात म्हणतात. फोटो काढणाऱ्याला हा पाऊस चालतो, कारण दोन सरींच्या मध्ये पाच मिनिटे जो उजेड पडतो तसा उजेड मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. त्यातच गॉलवे ५३ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी साताऱ्याचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो, तर गॉलवेचा जेमतेम १३ अंश. म्हणजे हिवाळ्यातला इथला सबंध दिवस, तेवढा तो असतो तेवढा, साताऱ्याच्या मावळतीसारखा असतो. सावल्या लांब पडतात, आणि जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा, अगदी मेंढरांच्या पायवाटाही, उठून दिसतात.

हे उमजण्याआधी मी जूनमधल्या दुपारीच कॅमेरा घेऊन बाहेर पडत असे आणि हिरव्या रंगाने वेडी होत असे. हिरवा रंग हा इथल्या हौशी फोटोग्राफरचा मोठा शत्रू आहे. तो डोळ्यांना जितका नाना छटांचा दिसतो तितका कॅमेऱ्याला दिसत नाही, फोन तर तो आपल्या मनाने आणखी भडक करतो, आणि वर छापणारे यंत्र आपले शहाणपण त्यात घालते. एकदा मी धुक्यातल्या शेतांचे चार फोटो एका दुकानात छापायला दिले. दुकानातल्या यंत्राने ‘सुधारणा’ करून धुके पार पुसून टाकले आणि गवताला प्लास्टिकच्या कुंडीतल्या गवताचा रंग दिला. मी तक्रार केली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अत्यंत आपुलकीने सांगितले, की हे जास्त चांगले दिसत आहेत. मामांचा सल्ला सोपा होता: “रंग काढून टाक. सहा महिने काळे-पांढरे काढ. मग हिरवा लाव परत, हवा असला तर.”

त्या सहा महिन्यांतच किलरीचा फोटो निघाला.

किलरी हा जमिनीत सुमारे १६ किलोमीटर आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा आहे. त्याच्या दक्षिणेला गॉलवे काउंटी, उत्तरेला मेयो, आणि उत्तरेच्या अंगाला ८१४ मीटर उंचीचा म्वीलरे हा कॉनॉक्ट प्रांतातला सर्वांत उंच डोंगर. पाण्यावर शिंपल्यांच्या शेतीची काळी पिंपे रांगेने तरंगत असतात. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, साडेचारच्या सुमारास, मी लीनॅन गावाच्या थोडे पुढे दक्षिण काठावर गाडी थांबवली होती. वारा इतका होता की ट्रायपॉडच्या मधल्या दांडीला बॅग लटकवून तो जमिनीला दाबून धरावा लागत होता. ढग फाटले, नैर्ऋत्येकडून तिरपे ऊन आले आणि समोरच्या उतारावर पडले. मी पाच-सहा फोटो काढले, पुन्हा सर आली, लेन्स पुसली आणि घरी आले. माझ्या दृष्टीने तो पाण्याचा आणि पिंपांचा फोटो होता. मागच्या उतारावर कंगवा फिरवल्यासारख्या उभ्या रेघा उमटल्या होत्या. त्या मला दिसल्या, आवडल्या, आणि डोंगराचा पोत छान आला आहे एवढेच मी मनाशी म्हटले.

रविवारी मामांनी पिंपांचा उल्लेखही केला नाही. “सात नंबरचा घे,” ते म्हणाले. “एवढ्या चढावर सऱ्या कोणी पाडल्या?” मी म्हटले, मामा, तो नुसता डोंगर आहे, तिथे फक्त मेंढ्या असतात. “अगं, मी आयुष्यभर फोटो काढले असले तरी जन्मलो शेतकऱ्याच्या घरात. हे वरंबे आहेत. एक, दोन, तीन... इथे तेवीस वरंबे आहेत, आणि सगळे सारख्या अंतरावर. डोंगर असं मोजून मापून करत नाही.”

पुढच्या शनिवारी मी लीनॅनला परत गेले आणि तिथल्या चहाच्या दुकानात फोटो दाखवून विचारले. दुकानातल्या बाईंनी फोटो हातातही न घेता उत्तर दिले, की ते बटाट्याचे वाफे आहेत, दुष्काळाच्या आधीचे. इंग्रजीत त्यांना ‘लेझी बेड’ म्हणतात, म्हणजे आळशी वाफे. बेणे जमिनीवर मांडायचे, त्यावर शेणखत किंवा किनाऱ्यावरचे समुद्रशैवाल पसरायचे आणि दोन्ही बाजूंची माती फावड्याने उलटून त्यावर टाकायची. खालची जमीन खणावी लागत नाही म्हणून ‘आळशी’. हे नाव ज्यांनी दिले त्यांनी त्या चढावर शैवालाची एक टोपली पाठीवर वाहून नेली असती, तर त्यांना दुसरे नाव सुचले असते. तिथली माणसे तिथे का गेली याचे कारण साधे होते: सखल, चांगली जमीन धान्याला आणि गुरांना लागत होती, आणि कुळांना जे उरले ते हे होते. बटाटा त्या उरलेल्यातही येत असे.

१८४५ साली बटाट्यावर करपा आला, तो पुढची वर्षे येतच राहिला. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. त्यातली सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी गेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. उत्तर आयर्लंड धरून संपूर्ण बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्याला पोहोचलेली नाही. पश्चिमेकडचे उतार रिकामे झाले, वाफ्यांवर गवत चढले, गवतावर मेंढ्या आल्या. मग आम्ही पाहुणे येऊन म्हणू लागलो, काय शांत, निर्मनुष्य निसर्ग आहे! भर दुपारच्या उजेडात तो उतार खरोखरच गुळगुळीत हिरवा दिसतो. ऊन तिरपे पडले तरच दिसते की त्यावर कोणी तरी राबले होते.

हे सगळे मी फोनवर सांगितल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की बहात्तरच्या दुष्काळात ते बावीस-तेवीस वर्षांचे होते, खडी फोडायच्या कामावरच्या बायकांचे त्यांनी एक रोल भरून फोटो काढले होते, आणि तो रोल डेव्हलप केला तरी त्याच्या प्रिंट कधी काढल्या नाहीत. का, असे मी विचारले. “गिऱ्हाईक नव्हतं,” ते म्हणाले, आणि आठव्या फोटोकडे वळले.

बटाट्याचा फोटोग्राफीशी आणखी एक संबंध आहे, आणि तो मला इतका विलक्षण वाटतो की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयर्लंडचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे रंगीत फोटो १९१३ च्या मे-जूनमधले आहेत, आणि ते दोन फ्रेंच स्त्रियांनी काढले: मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों-आल्बा. सगळ्या जगाचा रंगीत दस्तऐवज जमवण्याचे वेड घेतलेल्या आल्बेर कान या धनिक बँकरने त्यांना पाठवले होते. फोटोग्राफी हा दोघींचाही पेशा नव्हता. त्यांनी वापरलेल्या काचा ऑटोक्रोम पद्धतीच्या होत्या. मुंबईत १८९६ साली वॉटसन हॉटेलात ज्यांची हलती चित्रे दाखवली गेली त्याच ल्युमिएर बंधूंचा हा शोध, आणि त्याचे मर्म होते बटाट्याचे पीठ. पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट निळ्या रंगात रंगवून काचेवर पसरत, त्यांतून गाळून आलेला प्रकाश चित्राला रंग देई. या काचांवर त्या दोघींनी गॉलवेच्या क्लाडा या कोळीवाड्यातल्या एका तरुण मुलीचा फोटो काढला. खांद्यांवर लालभडक शाल, अंगभर जाड लोकरी कपडे, आणि चेहऱ्यावर इतका वेळ स्थिर उभे राहायला सांगितल्याचा किंचित कंटाळा. ज्या देशाचे कंबरडे बटाट्याने मोडले, त्याचा पहिला रंग बटाट्याच्याच पिठातून उमटला. क्लाडातली गवताने शाकारलेली ती घरे १९३० च्या दशकात पाडली गेली. मी तिथून पाच मिनिटांवर राहते. आता तिथे राजहंस आहेत, आणि राजहंसांचे फोटो काढणारे आम्ही.

आणखी एका हौशी माणसाचे नाव इथे घ्यायला हवे. कॉर्कला १८८० साली जन्मलेले फ्रँक ब्राउन हे जेझुइट पाद्री. त्यांचे काका बिशप होते. त्यांनी पुतण्याला कॅमेरा दिला आणि पुढे १९१२ साली टायटॅनिकच्या पहिल्या सफरीचे, साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढ्याच टप्प्याचे, तिकीटही दिले. क्वीन्सटाउन म्हणजे आजचे कोव्ह. बोटीवर ओळख झालेल्या एका श्रीमंत जोडप्याने पुढच्या प्रवासाचा खर्च देऊ केला होता. परंतु वरिष्ठांकडून परवानगी मिळाली नाही, ब्राउन कोव्हला उतरले आणि म्हणून ते फोटो उरले. पुढची अनेक वर्षे ते आयर्लंडभर फिरून दुकाने, शाळा, शेते, रस्त्यावरची मुले टिपत राहिले. १९६० साली ते वारले, आणि १९८५ साली एका ट्रंकेत त्यांची सुमारे ४२,००० निगेटिव्ह सापडली. मामांना ही गोष्ट फार आवडते, त्यातही काकाने कॅमेरा दिला हा भाग विशेष. “धंदेवाल्याला गिऱ्हाईक सांगतं काय झाकायचं ते,” असे ते म्हणतात. “हौशी माणसाला कोणी सांगत नाही. म्हणून त्याची चूक झाली तर ती त्याचीच.”

माणसांचे फोटो काढताना ही चूक मला सारखी भेडसावते. सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्याच्या टोकाला उडी मारायचा एक पिवळा मनोरा आहे आणि भर जानेवारीतही तिथे सत्तरी ओलांडलेली माणसे सकाळी पाण्यात उतरतात. फोटो सुंदर येतो, कारण थंडीने लाल झालेली पाठ, राखाडी समुद्र आणि पिवळे काँक्रीट एकत्र आले की बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण ती माणसे उघडी आहेत आणि मी अंगात दोन स्वेटर घालून उभी आहे. आता मी आधी विचारते आणि नाही म्हटले तर कॅमेरा बॅगेत ठेवते. बहुतेक जण हो म्हणतात आणि मग पोट आत घेतात, त्यामुळे फोटो फुकट जातो.

मॉमच्या खोऱ्यात भेटलेल्या एका मेंढपाळाची गोष्ट वेगळी आहे. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की इथले लोक स्टिअरिंगवरचे एक बोट किंचित वर करून नमस्कार करतात. या गृहस्थांनी बोट वर केले आणि पुढे जाऊन गाडी थांबवली, कारण मी त्यांच्या फाटकाचा फोटो काढत होते. मी आधी घाबरून माफी मागितली. त्यांना राग आलेला नव्हता, फक्त फाटकात फोटो काढण्यासारखे काय आहे हे त्यांना खरोखर समजत नव्हते. मी मेंढ्यांच्या पाठीवरच्या निळ्या रंगाच्या ठिपक्यांबद्दल विचारले. डोंगर सामाईक गायरान असल्यामुळे कोणाची मेंढी कोणती हे त्या रंगावरून ओळखतात, त्यांचा निळा आणि शेजाऱ्याचा लाल. तुमचा फोटो काढू का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली आणि कुत्र्याकडे बोट दाखवले. “त्याचा काढा. काम तो करतो.”

मी कुत्र्याचा फोटो काढला, मोठा करून छापला आणि महिन्याभराने नेऊन दिला. त्यांनी चहाला आत बोलावले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली लाल दिवा होता, तसा तो जुन्या आयरिश घरांत असतोच. त्यांनी फोटो हातात धरून खिडकीशी नेला, उजेडात तिरपा करून पाहिला, अगदी मामा पाहतात तसा, आणि मग तसबिरीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला. एकदा तो तिथे ठेवल्यावर त्यांनी मला जे सांगितले त्यात मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, तो परत येणार नाही, आणि आपल्यानंतर हे गायरान कोण पाहणार, हे सगळे होते. यातले काहीही फोटोत नाही. फोटोत एक काळा-पांढरा कुत्रा आहे, आणि त्याच्या मागे फाटक.

काही फोटो मी काढले आणि कोणालाच दाखवले नाहीत. इथे जुन्या पवित्र विहिरींपाशी एखादे झाड असते, त्याला लोक चिंध्या बांधतात; चिंधी जसजशी कुजते तसतसे दुखणे ओसरते अशी समजूत आहे. नवसाच्या झाडाखाली वाढलेल्या मला यात नवल वाटले नाही, म्हणून मी निर्धास्तपणे जवळ जाऊन कॅमेरा लावला. चिंध्यांमध्ये तान्ह्या बाळाचा एक मोजा होता आणि रुग्णालयात मनगटाला बांधतात तसली प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावरचे नाव अजून वाचता येत होते. मी फोटो काढला, याची मला आजही लाज वाटते, आणि तो पुसला आहे.

बरनच्या पठाराविषयी लिहायचे ठरवले तर लेख संपणार नाही, म्हणून एवढेच सांगते. क्लेअरच्या उत्तर भागात चुनखडीचा हा राखाडी उघडा खडक मैलोन्‌मैल पसरला आहे, आणि मे महिन्यात त्याच्या भेगांमधून नखाएवढी जर्द निळी जेन्शियनची फुले वर येतात. कासला वाढलेल्या माणसाला पातळ मातीवरचा हा खेळ ओळखीचा असतो. वेगळेपण असे की इथले शेतकरी गुरे हिवाळ्यात पठारावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, बाकीच्या जगाच्या नेमके उलट. गुरे वाळके गवत खाऊन टाकतात म्हणूनच वसंतात फुलांना जागा मिळते. कासच्या पठारावर कुंपण आणि चराई यांवरून जो वाद झाला तो मामांनी जवळून पाहिला आहे, त्यामुळे जेन्शियनच्या फोटोवर त्यांनी एकच शेरा मारला: “फूल चांगलं आहे. गाय कुठाय?” पुढच्या पाकिटात मी गाय पाठवली.

गेल्या रविवारी बोलता बोलता मामा पुन्हा त्या सात नंबरच्या फोटोवर आले. त्यांनी तो ठेवून दिला आहे, आणि रिटचिंगचे जुने भिंग घेऊन अधूनमधून ते त्याच्याकडे पाहत असतात. “उजवीकडे खाली, पाण्याच्या जरा वर,” ते म्हणाले, “वरंबे जिथे संपतात तिथे काय आहे ते बघ.” मी संगणकावर फोटो उघडून तो कोपरा मोठा केला. तीन वर्षे तो फोटो माझ्यापाशी आहे आणि मला तिथे दगडांचा ढीग दिसत होता. तो ढीग नव्हता. एका घराची छप्पर नसलेली बाजूची भिंत होती, वरचा त्रिकोण शाबूत, आणि त्यात एक लहानशी चौकोनी पोकळी. “खिडकी आहे की देवळी, ते इथून कळत नाही,” मामा म्हणाले. “तू जवळ जाऊन बघ.”

दक्षिण काठावरून तिथे पोहोचता येत नाही. लीनॅनवरून किलरीच्या टोकाला वळसा घालून, आस्लीच्या धबधब्यापाशी फाटा घेऊन उत्तर काठाच्या रस्त्याने जावे लागेल, आणि मग गाडी ठेवून ओल्या उतारावरून चालावे लागेल. शनिवारी पावसाचा अंदाज आहे. रविवारी साडेतीननंतर थोडी उघडीप सांगितली आहे, तेव्हा मी रविवारी जाणार आहे. मामांना तसे कळवले आहे, आणि फोन रात्री उशिरा करा असेही.